हनिमून रूममधली आत्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पन्नाशी ओलांडलेल्या, दोन मुलांची आई असलेल्या प्रस्तुत लेखिकेने पनवेलच्या एका हॉटेलातल्या हनिमून रूममध्ये एक अख्खी रात्र काढली. एकटीने. नवरा नाशिकला होता. त्याची परवानगी घेतली नव्हती, कारण त्याला सांगितलंच नव्हतं.

आता कारण ऐका. मी रात्री कानातली यंत्रं काढून डबीत ठेवते. त्यानंतर माझ्या उशाशी लेझीम खेळलात तरी मला पत्ता लागत नाही. त्यामुळे आमच्याकडे कायदाच आहे: लग्नकार्यात मला ‘सोबत’ द्यायची. सोबत म्हणजे माझी थोरली बहीण, ताई. ती नसली तर मी आतून कडी लावायची नाही, कारण सकाळी दार ठोठावलेलं मला ऐकू येणार नाही. त्या उघड्या दारातून आजवर फुलवाले आले, अंघोळीची जागा शोधत व्याह्यांचे काका आले, आणि एका वाजंत्रीवाल्याने तर माझ्या पायथ्याशी ढोल आणून ठेवला.

भावाच्या मुलीचं लग्न पनवेलला ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं. या वेळी खोली माझी एकटीची, आणि कडी आतून.

हॉटेलच्या काउंटरवर जवळच्याच ओवे गावचा मॅनेजर होता. त्याला म्हटलं, “बेल दाबली की खोलीत दिवा लुकलुकतो, तशी खोली द्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी असते ती.”

“तसला काय नाय आमच्याकडं, मॅडम. आजवर कोनी मागितलाच नाय.”

“मग आता मागितला.”

त्याने मान खाजवली. इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला, म्हणजे नेमका मला ऐकू येणार नाही इतका. मी म्हटलं, “मोठ्याने बोला!”

“लुकलुकनारा लाइट हाय,” तो सगळ्या लॉबीला ऐकू जाईल असं ओरडला, “पन हनिमून रूममदी हाय!”

मुलाकडच्या एक बाई आपली पर्स उगाचच उघडून आत बघू लागल्या. ती खोली नवरानवरीसाठी होती, पण दुसऱ्या रात्रीसाठी. आज रिकामीच. भाची टाळ्या पिटत म्हणाली, “घे गं आत्या, बेड हृदयाच्या आकाराचा आहे!”

“या वयात?” ताई म्हणाली. “लोक काय म्हणतील?”

“मला कुठे ऐकू येणार आहे?”

आम्ही लगेच चाचणी घेतली. मी यंत्रं काढली, आत गेले, कडी लावली. मॅनेजरने बाहेरून त्या दिव्यांचा रिमोट दाबला. छताला लाल, निळा, मग लख्ख पांढरा असा काही उजेड फडफडायला लागला की क्षणभर मला वाटलं, मी स्टेजवरच उभी आहे. मी दार उघडून झुकून मुजरा केला आणि यंत्रं पुन्हा कानात चढवली. भावाने परकराच्या नाडीने तो रिमोट बाहेरच्या कडीला बांधून टाकला. मॅनेजरने आपण होऊन सांगितलं, “कायबी झाला, आग लागली तरी आमी पयला हाच दाबू.”

ताई मात्र बधली नाही. “जागेपणी काय, कोणीही उघडेल. उद्या पहाटे हळदीला मी स्वतः येऊन दाबणार. उठली नाहीस, तर यापुढे जन्मभर मी तुझ्या खोलीत झोपणार. कबूल?”

“कबूल. आणि उठले तर यापुढे जन्मभर माझी कडी आतून.”

त्या रात्री मी कडी लावली. ती लागल्याचा आवाज मला आला नाही, पण तळहाताला धक्का कळला. मग पुन्हा काढली आणि पुन्हा लावली. नुसतीच, मजा म्हणून. बाहेर न्हावा शेवा बंदराकडे जाणारे ट्रेलर रस्ता हादरवत होते, असं सकाळी सगळे सांगत होते. मी हृदयाच्या बरोब्बर मधोमध पसरले होते.

पहाटे पापण्यांवर लाल-निळी वादळं आली. डोळे उघडले, तर अख्खी खोली नाचत होती. मी उठले, नथ घातली (नुसतं दार काय उघडायचं!), आणि कडी काढली.

बाहेर भाऊ, भाची, मॅनेजर, हळदीच्या वाट्या घेतलेल्या बायका असा सगळा दरबार जमला होता. सर्वांत पुढे रिमोट धरून ताई. माझ्यामागे दिवे अजून चमकत होते, त्यामुळे तिचा चेहरा मधूनमधून निळा दिसत होता. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. मी विजयी मुद्रेने हात कमरेवर ठेवले आणि म्हटलं, “बोला. आता जन्मभर कडी आतून ना?”

यंत्रं अजून डबीतच होती. पण ताईचे ओठ मी लहानपणापासून वाचत आलेय, आणि तिथल्या साऱ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या, त्यावरून ती केवढ्याने ओरडली ते मला कळलं:

“अगं, पण मला एकटीला झोपच येत नाही ना!”