पत्रासोबतचा कोरा ताव

तेओसच्या हातचा ताव उन्हाकडे धरला तर त्यात कुठे गाठ दिसायची नाही. साऱ्या दलदलीत हे कुणी नाकारत नसे, आणि नाकारलंच असतं तर म्हाताऱ्याने त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, पपायरसचे माणसाहून उंच दांडे उपटायचे, हिरवी साल सोलायची आणि आतल्या पांढऱ्या गाभ्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या. पट्ट्यांचा एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, मग वरून मोगरीने ठोकायचं. वाळलं की शिंपल्याने घासायचं. चाळीस वर्षं हेच केलं त्याने. लोक त्याच्या तावांवर खरेदीखतं लिहीत, लग्नं लिहीत, आणि याला मात्र स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं बापड्याला.

बायको लवकर गेली. राहिला मुलगा, मारेस. विशीत आल्यावर एक दिवस तो म्हणाला, "या चिखलात पाय कुजवत नाही बसायचा मी, बाबा. रोमनांच्या आरमारात जातोय." तेओस असा भडकला की दोन दिवस पोराशी बोललाच नाही. पण नाव सुटायच्या वेळी धावत गेला आणि दहा ताव त्याच्या गाठोड्यात कोंबले. "लिहीत जा. आणि कागद मिळाला नाही म्हणून लिहिलं नाही, असली थाप मला मारायची नाही, सांगून ठेवतो!"

ही थाप तर सगळेच मारत. म्हणूनच पत्र पाठवताना लोक सोबत एक कोरा ताव गुंडाळून देत: घे बाबा, आता तरी उत्तर लिही. तेओसही दरवर्षी पूर ओसरला की हेरास लेखनिकाकडे जाऊन चार ओळी लिहून घ्यायचा. सोबत वर्षभरातला सगळ्यात देखणा ताव. पत्ता ठरलेला: समुद्रापार मिसेनम बंदरातल्या रोमन आरमारात, तेओसचा मुलगा मारेस याला. बारा वर्षांत अशी बारा पत्रं गेली. उत्तर एकाचंही आलं नाही.

शेजारची तामिस मोठी तोंडाळ. "काका, तुमचे ताव फारच गुळगुळीत हो! पोरगं लिहीत असेल, अक्षरं वाटेत घसरून पडत असतील." आधी आधी तेओस हसायचा. पुढे पुढे तिला पाहिलं की तो पाण्याच्या वाटेने जाऊ लागला. जवाची भाकर आणि खारवलेला मासा एकट्याने खायचा, कुणी बोलायला नाही म्हणून दांड्यांनाच शिव्या घालायचा. खरं सांगायचं तर त्याला रडू यायचं, पण ते कुणापुढे काढायचं?

तेराव्या वर्षी त्याच्या दाराशी एक पिकल्या दाढीचा शिपाईगडी येऊन उभा राहिला. मृत्युपत्रासाठी चांगला ताव हवा होता त्याला.

"ओळखलंत का काका? कालव्यापलीकडचा पसोइस मी. सव्वीस वर्षं आरमारात काढली, आत्ता सुटलो."

"आरमारात? मिसेनमला?" तेओसच्या हातातली मोगरी तशीच राहिली. "मग माझा मारेस भेटला असेल तुला!"

"मारेस? त्या नावाचं तिथे कुणी नाही, काका."

"नाही म्हणजे? मेला?"

"अहो, तसं नव्हे! भरती झालं की पहिल्याच दिवशी नाव बदलतात. आपली नावं त्यांच्या जिभेला पेलत नाहीत ना. मला लोंगिनस केलं. तिथे मला पसोइस म्हणून हाक मारली असतीत तर कुणी वळूनही पाहिलं नसतं."

"आणि मारेसला काय केलं?"

"ते मी कसं सांगू? हजारो पोरं आहेत. पण पहिल्या पत्रात प्रत्येक जण नवं नाव घरी कळवतोच की."

तेओसला एकदम आठवलं. पोरगं गेल्याच्या दुसऱ्या वर्षी एक नावाडी पत्र घेऊन आला होता. पाठवणारा अमुक अमुक, म्हणून त्याने एक रोमन नाव सांगितलं होतं. त्या साली रोमन अधिकारी माणसं धरून कालव्यांवर वेठीला जुंपत होते, म्हणून तेओस आधीच हबकलेला. त्यातून त्याने ताव हातात घेतला तर काय, जाडाभरडा, सांध्यावर कणकीच्या खळीच्या गाठी! असल्या भिकार तावावर लिहिणाऱ्याशी आपलं काय काम? आपल्या पोराचे दहा ताव कुठे बुडाले असतील, भिजले असतील, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. पत्र न उघडताच त्याने परत दिलं होतं.

तो तसाच चिखलाच्या पायांनी हेरासकडे गेला आणि परत दिलेल्या पत्राचं सांगून टाकलं.

"नाव आठवा, काका," हेरास म्हणाला. "नाव कळलं तर आजच लिहू. व्हालेरियस?"

"असेल."

"अँटोनियस? क्लेमेन्स? सॅटर्निनस?"

"असेल रे! सगळी सारखीच वाटतात मेली. तो नावाडीही पुरात गेला, विचारू कुणाला?" तेओसने कपाळ झोडून घेतलं. मग हळूच म्हणाला, "परत गेलेलं पत्र लिहिणाऱ्याला मिळतं का रे?"

"मिळतं पुष्कळदा. घरच्याने का घेतलं नाही, तेही नावाडी एकमेकांना सांगत सांगत पोचवतात. लिहिणारा वाट बघत असतो ना. तुम्ही काय निरोप दिला होतात?"

तेओस दाराकडे वळला. हेरासने पुन्हा विचारलं.

"म्हणालो होतो," तो म्हणाला, "सांग त्याला, मी तुला ओळखत नाही."