मुचादुरा नावाची पहिली मुलगी

आमच्या सावे नदीकाठी भांडण तोंडाने करायची पद्धत नाही. तोंडाने केलेलं भांडण चार दिवसांत विरतं, म्हणून आम्ही मुलांची नावंच तशी ठेवतो. सासूने छळलं की मुलीचं नाव 'मारवेई', म्हणजे कशावरून भांडताय? शेजारी जळायला लागले की कुत्र्याचं नाव 'मुचानेता', म्हणजे दमाल एक दिवस. कुत्रं बिचारं शेपूट हलवत येतं आणि शेजाऱ्याच्या घशात घास अडकतो. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, ते आमच्याकडे बारशापासूनच सुरू होतं.

मुचादुरा हे नाव मात्र त्या पोरीआधी आमच्या भागात कुणी ऐकलं नव्हतं. 'कबूल कराल एक दिवस' असा त्याचा अर्थ. तिची आई रेवाई, तारुविंगाची धाकटी बायको. रेवाईचे पहिले दोन मुलगे गेले, एक खोकल्याने आणि दुसरा दात यायच्या आधी. थोरली बायको सेकेसाई वांझ. आता वांझ सवत आणि मेलेली मुलं एकाच अंगणात असली की गावाला पुढचं कुणी सांगावं लागत नाही. हिनेच खाल्ली, असं जो तो मनात म्हणत होता. उघड म्हणायची सोय नव्हती, कारण कुणाला चेटकीण म्हटलं तर गोरा कमिशनर तुरुंगात घालायचा. शेजारच्या गावातला एकजण त्यापायी रस्त्यावर खडी फोडून आला होता.

पण नावाला बेडी कोण घालणार? तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. नाळ गळून पडल्यावर रेवाई बाळाला घेऊन झोपडीबाहेर आली, सेकेसाईच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि नाव सांगितलं. मुलीच्या आत्याने आनंदाने किलकारी मारली. तारुविंगा "बरं आहे नाव" एवढं म्हणून बैल बघायला गेला. तो मनुष्य जन्मभर बैलच बघत राहिला.

मग हाका सुरू झाल्या. दोघींच्या झोपड्या एकाच अंगणात समोरासमोर. पोर मांडीवर असली तरी रेवाई दारात येऊन अंगणभर ऐकू जाईल अशी हाक मारायची, "मुचादुरा! अगं ए मुचादुरा!" शिवाय आमच्याकडे आईला पहिल्या जगलेल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. त्यामुळे येणारी-जाणारी प्रत्येक बाई "काय माई मुचादुरा, बरं आहे ना?" असं विचारायची, आणि विचारताना नजर सेकेसाईकडे. सेकेसाई भाजलेले दाणे वाटत बसलेली असायची. तिने कधी उत्तर दिलं नाही. तिचा वरवंटा मात्र जरा जोरात चालायचा.

सगळ्या गावात एकटी तीच पोरीला नावाने हाक मारत नसे. ती नुसतं "पोरी" म्हणायची. रेवाईची पाठ वळली की पोर तिच्याकडे पळायची आणि भाजलेले दाणे खायची. विष असतं तर पोर केव्हाच मेली असती, पण हे साधं गणित गावात कुणाला सुटलं नाही.

पोर मिशनच्या शाळेत जायला लागली आणि तिचे हाल सुरू झाले. कुणाची पाटी हरवली की पोरं हिलाच घेरायची, चिमटे काढायची आणि ओरडायची, "कबूल कराल! कबूल कराल!" मास्तरही एकदा तोंडावर हात ठेवून हसले. ती रडत घरी आली आणि आईला म्हणाली, "माझं नाव बदल."

"ते काय तुझ्यासाठी ठेवलंय?" रेवाई म्हणाली. "जिच्यासाठी ठेवलंय तिला बोलू दे. ज्या दिवशी तिचं तोंड उघडेल त्या दिवशी बकरा कापीन आणि तू म्हणशील ते नाव ठेवीन."

पोरीने ते मनात धरलं. दुसऱ्या दिवशी भुईमुगाच्या शेतात सेकेसाई शेंगा तोडत होती, तिथे जाऊन ती उभी राहिली.

"मोठ्या आई, तू खाल्लंस का गं माझ्या भावांना?"

"खाल्लं असतं तर अशी काटकी राहिले असते का?"

"मग खोटं सांग ना."

"काय सांगू?"

"खाल्लं म्हणून सांग. तू बोललीस की आई माझं नाव बदलणार आहे. बकरासुद्धा कापणार आहे. एकदाच बोल ना, मोठ्या आई. बोलायला काय लागतं?"

सेकेसाईने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. "आणि माझं काय होईल गं?"

"आई ओरडेल थोडी."

पोरीला खरोखर तेवढंच वाटत होतं. सेकेसाईने तिच्या कपाळावरची माती पुसली. "कुठलं नाव हवंय तुला?"

"शुविराई." शाळेत त्या नावाची एक मुलगी होती, तिला कुणी चिमटे काढत नसे.

पोरीचे आजोबा वारून वर्ष झालं, आमच्या रीतीप्रमाणे त्यांच्या आत्म्याला घरी परत आणायचा दिवस आला. सगळं कूळ अंगणात जमलं होतं, नाचणीची बिअर मडक्यांत फसफसत होती. रेवाई आपल्या दारात उभी राहिली आणि माणसं बघून तिच्या आवाजाला नेहमीपेक्षा धार चढली. "मुचादुरा! ए मुचादुरा, भोपळ्याचं भांडं आण गं बिअर वाढायला!"

"हो, बोलते," सेकेसाई म्हणाली.

ती उखळापाशी उभी होती. इतक्या वर्षांत त्या हाकेला तिने पहिल्यांदा ओ दिली होती.

"दोघांनाही मीच खाल्लं. झालं समाधान? आता पोरीचं नाव बदला. शुविराई ठेवा."

हात दाखवून अवलक्षण ते हे. आत्याने आधी मुसळ उचललं. तिच्या मागून बाकीच्या बायका उठल्या. ज्या बाईने त्यांच्या बाळंतपणात कांजी करून घातली होती तिची मडकी त्यांनी एकेक करून फोडली. गड्यांनी तिच्या झोपडीच्या छपराला आग लावली. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर कमिशनरच्या कायद्याला कोण विचारतो? तारुविंगाने उभा जन्म जिच्या हातचं खाल्लं तिच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. गर्दीचा धक्का लागून सांडू नये म्हणून त्याने बिअरचं मडकं तेवढं बाजूला सरकवलं. सेकेसाई डोक्याला फडकं गुंडाळून, रक्त पुसत, नदीपलीकडे माहेरच्या वाटेला लागली. फाटकाशी तिने वळून पोरीला शोधलं आणि हात हलवला.

पोर अंगणातच उभी राहिली. ती वाट बघत होती. आता कुणीतरी आपल्याला शुविराई म्हणून हाक मारेल, असं तिला वाटत होतं.

सकाळी हाक आली, "मुचादुरा!"

"आई, नाव..."

"बदलायचं?" रेवाई हसली. "वेड लागलंय का तुला? ज्या नावाने चेटकिणीच्या पोटातलं ओकायला लावलं ते नाव टाकून देऊ? अगं, लोक तुला बघायला येताहेत!"

आणि खरंच लोक आले. दूरदूरच्या गावांतून बायका पाठीला बाळं बांधून यायच्या, पोरीचा हात बाळाच्या डोक्यावर ठेवून घ्यायच्या आणि नाव घेऊन जायच्या. ज्या घरात मूल गेलं आणि म्हातारी उरली त्या घरात पुढच्या बाळाचं नाव ठरलेलं. मिशनच्या पाद्रीबाबांना सुरुवातीला वाटलं, एवढ्या पोरांना हे एकच नाव का? कुणीतरी सांगितलं, पाप कबूल कराल असा अर्थ आहे. बाबा खूश झाले. प्रवचनातच त्यांनी नावाची तारीफ केली, आणि मग ज्यांच्या घरात कसलंही भांडण नव्हतं त्यांनीही बारशाला तेच नाव दिलं. काही वर्षांत शाळेच्या दारात मुचादुरा म्हणून हाक मारली की अर्धा वर्ग वळून बघायचा. आता तिला कुणी चिमटे काढत नव्हतं. तीच काय ती नावाची कमाई.

मुचादुराचं लग्न झालं. नवरा खाणीत कामाला गेला आणि ती सासूच्या अंगणातल्या वेगळ्या झोपडीत एकटीच राहिली. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तिने ठरवलं, मोठ्या आईला घरी आणायचं. त्या कलंकातून तिची सुटका केल्याशिवाय आपलं मूल जन्माला घालायचं नाही. कोरड्या पडलेल्या नदीची वाळू तुडवत ती सेकेसाईच्या माहेरी पोचली. अंगणात पाऊल टाकलं तोच स्वयंपाकाच्या झोपडीतून आवाज आला, "मुचादुरा! ए मुचादुरा!"

"आले," ती सवयीने म्हणाली.

"तुला नाही," कणगीच्या सावलीतून कुणीतरी म्हणालं. सेकेसाई होती. तिचं नुसतं चिपाड उरलं होतं. एक उघडं-नागडं पोर तिच्या समोरून लांबून वळसा घेत झोपडीकडे पळालं. "भावजयीचं आहे. मी आले त्या वर्षी तिचं एक पोर गोवराने गेलं."

आगीतून फुफाट्यात म्हणजे काय ते मुचादुराला उभ्या जागी कळलं. तिने सेकेसाईचे पाय धरले. "मोठ्या आई, माझ्या घरी चल. आत्ताच चल."

"आणि तुझं बाळ शिंकलं की?"

"शिंकू दे!"

"तुझी सासू काय म्हणेल? पहिल्या शिंकेला गप्प बसशील तू. दुसऱ्या शिंकेला तूसुद्धा माझ्याकडे बघशील. मी ओळखते माणसं." सेकेसाई हे रागाने म्हणत नव्हती. "राहू दे. इथल्या हाकांची सवय झालीय. एवढंच वाटतं, आता आणखी काय कबूल करू? होतं नव्हतं ते बोलून बसले."

मुचादुरा तडक झोपडीपाशी गेली. भावजय चुलीवर मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा घोटत होती. "मामी, ऐका. तिने कुणाला खाल्लेलं नाही. मी लहान होते, मी तिला खोटं बोलायला लावलं. माझं नाव बदलावं म्हणून. सगळा दोष माझा आहे."

भावजयीने लाकडी पळी थांबवली. "म्हणजे? ती पहिली मुचादुरा तूच का?"

"हो. म्हणून तर सांगते..."

"अगं बाई!" भावजयीचा चेहरा उजळला. "आणि खोटं म्हणे! खोटं माणूस स्वतःचं घर वाचवायला बोलतं गं, जाळायला कोण बोलतं? तुझ्यावरही तिने काहीतरी करून ठेवलंय, पोटुशी आहेस, सांभाळ." तिने नागड्या पोराला बखोटीला धरून पुढे ओढलं. "ते जाऊ दे. माझ्या लेकाच्या डोक्यावर हात ठेव. दारात आलीस, माझं नशीब!"

"मी नाही ठेवणार."

"का? हिने शिकवलंय वाटतं?" भावजयीचा आवाज चढला, पण नजर मुचादुराकडे नव्हती, कणगीकडे होती. "बघते मी संध्याकाळी."

"ठेव गं हात," कणगीपासून सेकेसाई म्हणाली. मुचादुरा हलली नाही. "ठेव, पोरी. तू जाशील निघून. मला इथेच जेवायचंय."

मुचादुराने त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. भावजयीने गुडघे वाकवून, ओंजळ जुळवून टाळ्या वाजवल्या आणि आभार मानले. मग पोराला कडेवर घेऊन ती दारात गेली आणि कडेवरच्याच त्या पोराला तिने, अंगणाकडे तोंड करून, पूर्ण ताकदीने हाक मारली.