वाणगावचा बटाटावडा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. संवत्सरीला आमच्यात लहानथोर सगळे हात जोडून एकमेकांची क्षमा मागतात, तेव्हाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

आम्ही डहाणूचे जैन, कापडाचं दुकान. माझं माहेर उधव्याचं, शाळा मराठी, म्हणून लिहायला बसलं की मराठीच येते. घरात मात्र गुजराती. मोठी जाऊ हेतलभाभी. २०१४ साली आम्ही दोघी एकदमच गरोदर होतो. माझं सातव्या महिन्यात गेलं. महिन्याभराने तिला मुलगा झाला.

बारशाला आमच्यात बाळाला ओढणीच्या झोळीत घालतात. चौघी चार टोकं धरून झुलवतात आणि फोई, म्हणजे आत्या, नाव ठेवते. सासूबाईंनी एक टोक माझ्या हातात दिलं. मला बरं वाटलं होतं — खरंच. तेवढ्यात भाभी उठली, सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या बोटांतून ते टोक सोडवलं आणि शेजारच्या मुलीला दिलं.

"रहेवा दे. तारो हाथ नहीं." राहू दे, तुझा हात नको.

एवढंच. आवाजही चढवला नाही. फोईने जिनय नाव ठेवलं, पेढे वाटले, मीही एक खाल्ला. तो गिळतानाच ठरवलं, हिचं उट्टं काढायचं. आज नाही तर उद्या, पण काढायचं.

वाट बघावी लागली. भाभी दुकानात बसायला लागली आणि जिनय माझ्याकडे आला. त्याला न्हाऊ घालायची मी, भरवायची मी, नवकार मंत्र म्हणून झोपवायची मी. तेव्हा माझा हात चालला. पोर मला इतकं चिकटलं, की मी संडासात गेले तरी दाराबाहेर बसून राहायचं.

भाभीला एका गोष्टीचा भारी तोरा. जमिनीखाली वाढतं ते आम्ही खात नाही, कांदा नाही, बटाटा नाही, त्यात जीव फार. मोठी माणसं बाहेरगावी थोडं इकडेतिकडे करतात, कोण बघतंय? पण 'माझ्या जिनयने जन्मल्यापासून बटाट्याचा कणही चाखला नाही', हे ती देरासरच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या, पायरीवर सांगायची, दुकानात गिऱ्हाइकांनाही सांगायची. पाठशाळेत, म्हणजे मुलांना धर्म शिकवतात तिथे, त्याला या पुण्याईबद्दल स्टीलचा डबा बक्षीस मिळाला. तो तिने शोकेसमध्ये ठेवला.

मी दर बुधवारी भाजीला वाणगावच्या बाजारात जायची, जिनयला घेऊन. तो चार वर्षांचा होता. एका बुधवारी गाडीवरचा बटाटावडा घेतला, तुकडा फुंकला आणि त्याच्या तोंडात घातला. त्याला भूक लागली होती का? नाही. मी घरूनच ठरवून निघाले होते. मग दर बुधवारी. नंतर तोंड पुसायचं, चिमूटभर बडीशेप चघळायला द्यायची, म्हणजे वास जातो. घरी आल्यावर भाभी त्याला मांडीवर घेऊन पापे घ्यायची आणि मी भाजी निवडत मनात हसायची. घे, त्याच तोंडाचे घे. इतकं समाधान मला कुठल्या उपवासाने दिलं नाही.

वडाच तर दिला, असं तुम्ही म्हणाल. वडा हा माझा गुन्हा नाही हो. तो पुढेच आहे — सांगायला जड जातंय, म्हणून इकडून तिकडून येतेय.

पर्युषणाच्या आठ दिवसांत पाठशाळेत शिकवणाऱ्या बेनने भाज्यांची चित्रं दाखवली. आपण काय खात नाही? जिनयने बटाट्यावर बोट ठेवलं आणि सगळ्या आयांसमोर सांगितलं, याचा वडा मला आवडतो, काकी देते.

भाभी त्याला दंडाला धरून घरी घेऊन आली. मला विचारलं. मी गॅस बारीक केला, हात पुसले आणि म्हटलं, "मी? भाभी, पोरगं खोटं बोलायला शिकलंय."

जिनय माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, काकी विसरली. त्याने मला आठवण करून दिली — गाडीवाला, फुंकर, बडीशेप. सगळं बरोबर सांगितलं. मी मान हलवत राहिले. भाभीने त्याच्या थोबाडीत मारली.

तीन दिवस तो एकच बोलत होता, "काकीए आप्युं." काकीने दिलं. तीन दिवस मार खाल्ला. माझ्या एका शब्दाने तो थांबला असता. मी तो शब्द दिला नाही. संवत्सरीला त्याला माझ्यापुढे उभं केलं. खोटं बोलल्याबद्दल त्याने हात जोडले आणि "मिच्छामि दुक्कडम" म्हणाला. उच्चार स्वच्छ होता, मीच शिकवला होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि उलट तेच म्हणाले, सगळ्यांना म्हणतो तसं.

आणि ऐका — त्या क्षणी मी त्याच्याकडे बघतही नव्हते. मी भाभीचं तोंड बघत होते. चार बायकांत खाली गेलेलं. मला गार वाटलं. पोराचं काय होतंय हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरीही गार वाटलं.

डबा शोकेसमधून गेला. बुधवारी तो माझ्याबरोबर येईनासा झाला. रडला नाही, रुसला नाही, नुसता आला नाही.

परवा, म्हणजे २०१९ च्या उन्हाळ्यात, स्वयंपाकघरात माझ्या हातून लोणच्याची बरणी पडली. बाहेरून भाभी ओरडली, कोणी फोडली? मी तोंड उघडायच्या आत दिवाणखान्यातून जिनयचा आवाज आला.

"में."

तो जागचा उठलाही नव्हता. पोटावर पडून चित्र रंगवत होता. भाभीने त्याला एक ठेवून दिली. त्याने गाल चोळला आणि पुन्हा खडू उचलला.

मी काचा गोळा केल्या. फरशी पुसून घेतली.