पाठीवर बसलेला चेंडू

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. न्हावा शेव्याच्या एका कंपनीत लागलो तेव्हा गावातून मान ताठ करून फिरलो, आणि त्याची मला लाज नाही. पण नोकरी कायम व्हायची होती. ती ज्यांच्या हातात, ते साहेब दर रविवारी स्क्वॉश खेळायचे. त्यांच्या जोडीदाराची बदली झाली आणि मला बोलावणं आलं.

चार भिंतींची बंद खोली. दोघांनी शेजारी उभं राहून समोरच्या भिंतीवर आळीपाळीनं चेंडू मारायचा. जमिनीवर दुसरा टप्पा पडायच्या आत तो परतवायचा. मधली जागा ज्याची, त्याचा खेळ. पण आपण मारला की दुसऱ्याला वाट द्यायचीच. इथंच माझं अडलं. मी गावच्या कबड्डी संघातला, वाट अडवण्यातच वाढलेला. पाय आपोआप रोवले जायचे.

"अरे, मला पकडतोस की काय?" साहेब हसले.

मग मी सरकायला शिकलो. साहेब मात्र मधून हलेनात. एकदा त्यांची पाठ नेमकी माझ्या चेंडूच्या वाटेत आली. उचललेली रॅकेट मी आवरली आणि "लेट" म्हणालो, म्हणजे तो डाव पुन्हा खेळायचा.

"घाबरतोस काय? मारायचा!"

थोड्या वेळानं मी मध्ये सापडलो. त्यांनी मारला. खांद्याखाली फाटकन बसला, डोळ्यांत पाणी आलं.

"पॉइंट माझा," साहेब म्हणाले. नियम तसाच आहे. चेंडू सरळ भिंतीकडे चालला असेल, तर मध्ये आलेल्याचा गुण जातो. मी चेंडू उचलून त्यांच्याकडे टाकला.

घरी शर्ट काढला तर बाबांना तो लालभडक गोल दिसला. त्यांचं आयुष्य मिठागरात गेलेलं.

"कोनाशी मारामारी केलीस?"

मी सगळं सांगितलं.

"म्हंजे ज्याला लागला त्याचाच गुन्हा? बरा हाय तुमचा खेल! आनि तू मारला असतास तं?"

"तर पॉइंट माझा."

"मंग का न्हाय मारलास?"

कुणाला लागू नये म्हणून थांबतात, चांगली रीत आहे ती, असं मी म्हणालो. खोटं नाही ते. पण समोर साहेब नसते तर थांबलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही.

मोबाइल वाजला. साहेबांचा मेसेज : पुढच्या रविवारी नक्की?

आई पाठीला हळद लावत होती. मी पालथा पडूनच एका बोटानं 'येतो सर' लिहिलं. बाबा उठून अंगणात गेले.