अक्काच्या माळवदावरचे ठोकळे

माझ्या थोरल्या बहिणीला सौर पॅनेलच्या कंपनीनं आणि सरकारी कार्यालयानं मिळून फसवलं. एकट्या कंपनीनं नाही, एकट्या कार्यालयानंही नाही. दोघांनी मिळून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला ‘दुसरी बाजू पण ऐकली पाहिजे’ असं शिकवू नये. दुसऱ्या बाजूच्या दारात मी पुष्कळ चपला झिजवल्या आहेत.

मी काही साधाभोळा माणूस नाही. उमेदीची वर्षं मी हाळीच्या बैलबाजारात हेडी म्हणून काढली. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, आणि आजूबाजूच्या गर्दीला काही कळू द्यायचं नाही, हे माझं शिक्षण. त्यातूनच पुढं नांदेडला पंप-मोटारींचं दुकान टाकलं. बापानं काही ठेवलं नव्हतं, सासऱ्यानं काही दिलं नाही. माझं डोकं तापट आहे हेही खरं, पण बाजारात मला फसवून गेलेला माणूस शोधून सापडायचा नाही. फसवलं ते या लोकांनी. तेही मला नाही, अक्काला.

अक्का शिरूर अनंतपाळला एकटी राहायची. दाजी गेल्यावर मी तिला नांदेडला ये म्हणालो होतो. ती म्हणाली, “भावाच्या घरी चार दिवस पाहुणी, पाचव्या दिवशी मोलकरीण.” माझ्या बायकोसमोरच म्हणाली. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. तिचं शिवणकाम होतं, विजेवरची मशीन होती, गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्याच हातचे. फक्त लाइटचं बिल मी इथून मोबाईलवर भरून टाकायचो. ते तिला अजिबात आवडायचं नाही.

“ह्या भाऊबीजेला ओवाळणी टाकू नकोस,” ती म्हणायची. “बिलात धर.”

“अक्का, बिलाचं काय घेऊन बसलीस?”

“तूच घेऊन बसलास. मी मागितलं होतं का?”

तिचं घर माळवदाचं होतं. आमच्या भागात न आलेल्यांसाठी सांगतो. खाली लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. पाऊस गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर पांढरी माती आणून पसरायची, चोपायची. दाजी होते तोवर ते करायचे. ते गेल्यावर माती वाहायला कुणी नव्हतं, म्हणून अक्कानं वरून सिमेंटचा कोबा करून घेतला. पुष्कळांनी केला आहे. असं घर गच्चीवरून पाहिलं तर स्लॅबचं दिसतं. आत जाऊन मान वर केली की तुळया दिसतात. लातूर जिल्ह्यातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. भूकंपानंतर तर आमची लहान पोरंसुद्धा परक्या घरात शिरली की आधी वर बघत.

एक दिवस तालुक्याला मेळावा झाला. जुन्या घरांवर सौर पॅनेल बसवा, अर्ध्याच्या वर भार सरकार उचलणार, बाकीचं काम कंपनी करणार. अक्कानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. भाव करायचा असला की तिला भाऊ आठवतो. मंचावर एकाच सोफ्यावर सरकारी साहेब आणि कंपनीचे मॅनेजर बसले होते. त्यांनी एकमेकांना शाल पांघरली, एकमेकांना नारळ दिला. साहेब माइकवर म्हणाले, “ही शासनाची आणि उद्योगाची हातात हात घालून चाललेली वाटचाल आहे. जबाबदारी आमची दोघांची.” टाळ्या पडल्या. अक्कानंही वाजवल्या. मी नाही वाजवल्या, पण मनात बरं वाटलं. एका बैलाला दोन धनी जामीन राहिले तर वाईट काय?

मग कंपनीचा माणूस सर्वेक्षणाला आला. तिशीचा असेल, बोलायला गोड. जिना बाहेरून होता. तो सरळ वर गेला, चार बाजूंनी फोटो काढले, अक्काला मध्ये उभं करून आणखी एक काढला.

अक्का म्हणाली, “दादा, एकदा आतून बघून घ्या की. चहा बी होईल.”

“आतलं लागत न्हाई मावशी. मोबाईलमध्ये वरचाच फोटो टाकायचा असतो.”

“आरं पण घर तर आत असतंय ना?”

तो हसला. मीही हसलो. चहा न घेता तो गेला.

पॅनेल बसवायला आले त्या दिवशी मी हजर होतो. कोब्याला भोकं पाडायची नाहीत असं अक्कानं बजावलं होतं, म्हणून पॅनेलच्या सांगाड्याच्या पायांवर सिमेंटचे ठोकळे ठेवायचं ठरलं. ठोकळ्यांच्या वजनानं सांगाडा जागच्या जागी राहतो. मी म्हणालो, आमच्याकडं वैशाखात वळवाचं वारं सुटतं, पत्रे उडून शेतात जातात, एवढ्या ठोकळ्यांवर भागणार नाही. आणखी ठेवा, आणि भाव तोच. सर्वेक्षणाला आलेल्या त्याच माणसानं थोडी कुरकुर केली. मी आवाज चढवला. शेवटी टेम्पोत होते तेवढे सगळे ठोकळे वर चढले. मजुरांनी ते ओढत नेताना आत घरात फळ्यांतून बारीक माती झरली. अक्कानं झाडून घेतली.

पहिले काही महिने सोन्यासारखे गेले. दिवसभर मशीन, दिवसभर पंखा. नवीन मीटर आलं आणि बिल जवळजवळ बंद झालं. मी सवयीनं मोबाईलवर तिचा ग्राहक क्रमांक टाकला तर भरायला काही नव्हतंच. अक्काला फोन लावला. ती म्हणाली, “आता बिलासाठी फोन करायचा न्हाई. बहीण म्हणून करायचा असंल तर कर.” आणि लई हसली. दाजी गेल्यापासून तिला इतकं मोकळं हसताना मी ऐकलं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर तिचा फोन आला. शिवायला आलेल्या पांढऱ्या कापडावर सारखी माती पडते आहे. मी गेलो. मान वर केली. मधली तुळई खाली झुकली होती. कोब्याला वरून तडे गेले होते, आणि ते सगळे ठोकळ्यांच्या ओळीतच.

तिथूनच कंपनीला फोन लावला. ठोकळे उचला, पॅनेल खाली घ्या, म्हणालो. उत्तर आलं, अनुदान घेतलेलं आहे, कार्यालयाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही, आणि तुम्ही स्वतः हात लावलात तर गॅरंटी संपली. दुसऱ्या दिवशी लातूरला कार्यालयात गेलो. मंचावरचे तेच साहेब होते.

“सर्वेक्षण कंपनीनं केलंय,” साहेब म्हणाले. “आम्ही त्यांच्या अहवालावर मान्यता देतो.”

“आणि कंपनी म्हणते, तुम्ही मान्यता दिली म्हणून बसवलं.”

“बरोबर आहे त्यांचं.”

“मग चूक कुणाची?”

“चूक असं कुठं म्हणतोय मी? हे बघा, आपल्याकडं छताचे दोनच प्रकार आहेत. स्लॅब आणि पत्रा. तुमचं स्लॅब म्हणून नोंदलंय.”

“ते माळवद आहे.”

“माळवद आपल्याकडं नाही.”

“साहेब, जिल्ह्यात गावोगाव आहे, अन् तुमच्याकडंच कसं न्हाई?”

शेजारच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी मला अर्ज द्यायला सांगितलं. मी दिला. नंतर कंपनीच्या मॅनेजरला गाठलं. तो माझी वाटच बघत असल्यासारखा म्हणाला, “काका, राग मानू नका, पण जादा ठोकळे तुम्हीच मागितले होते. आमच्या माणसानं सांगितलंय मला.”

मी त्याच्या टेबलावर हात आपटला. हो, मागितले. गिऱ्हाईक मागणारच. बैलबाजारात कुणी मला म्हणाला असता की ह्या कोवळ्या गोऱ्ह्याला मी पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपणार, तर मी रुमालातून हात काढून घेतला असता. बैल बसला तर गिऱ्हाईक तो माझ्या दारात आणून बांधील, आणि पुढच्या बाजारात माझ्या हाताला कुणी हात लावणार नाही, हे मला ठाऊक असायचं. छत किती भार पेलतं हे जाणण्याचा धंदा त्यांचा आहे. मी पंप विकतो. त्यांच्या माणसानं एकदा दारातून आत येऊन वर बघितलं असतं तर मी कितीही ओरडलो असतो तरी त्यानं ‘न्हाई’ म्हणायला पाहिजे होतं. तो म्हणाला ‘बरं’. मॅनेजरनं माझं ऐकून घेतलं आणि दुसरा फोन उचलला.

अक्काला मी म्हणालो, माझी माणसं घेऊन येतो, सगळं खाली फेकतो, गेली गॅरंटी तर जाऊ दे. तिनंच नको म्हटलं. “सरकारचे पैसे हायेत त्यात. परत मागितले तर कुठून देऊ? पुन्हा तूच देशील. थांब, परवानगी येईल.” तिनं अंथरूण ओसरीत आणलं आणि मशीन शेजारणीकडं ठेवली. माझ्या स्वभावाप्रमाणे मी थांबायला नको होतं. पण भावाचा पैसा पुन्हा नको, हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्यामुळं थांबलो.

परवानगी आली नाही, पावसाची झड आली. तड्यांतून पाणी आत गेलं, माती भिजून जड झाली. एका दुपारी अक्का शेजारी काजं-बटणं करत असताना मधली खोली बसली. तिनं आवाज ऐकला आणि तिला वाटलं, शेजारची भिंत गेली. बाहेर येऊन बघते तर तिचंच घर.

मी संध्याकाळी पोचलो. ती गल्लीत दुसऱ्याच्या बाजेवर बसली होती. ओल्या मातीच्या ढिगाऱ्यावर तुळया, ठोकळे आणि दाजींचा फोटो. ओळीतली काही पॅनेलं भिंतीच्या आधारानं तिरपी उभी होती, काच धड. घर पडलं होतं आणि पॅनेलं शाबूत होती. गल्लीतल्या एका बाईनं हळूच विचारलं, “भाऊ, ते तुम्हीच आणलं होतं ना?” मी जाऊन दाजींचा फोटो उचलला. त्याच आठवड्यात अक्काच्या मोबाईलवर कंपनीचा संदेश आला. स्वच्छ ऊर्जेच्या कुटुंबात सामील झाल्याबद्दल अभिनंदन, आणि आपल्या ओळखीच्या घरांनाही सांगा.

पंचनामा झाला. त्यात ‘जुने घर, अतिवृष्टीमुळे पडझड’ असं लिहिलं आहे. पॅनेलचा उल्लेख नाही. कार्यालयाच्या यादीत मात्र अक्काचं घर काम पूर्ण झालेल्या घरांत आहे. मी वकिलाकडं गेलो. तो म्हणाला, कंपनीवर दावा लावला तर ती सरकारकडं बोट दाखवील, सरकारवर लावला तर ते कंपनीकडं. तुमचं वय किती? मी सांगितलं. त्यानं माझे कागद मिटून परत दिले.

आता अक्का नांदेडला माझ्याकडं असते. गावची गिऱ्हाइकं गेली. इथं शेजारणी कपडे विकत आणतात, शिवून घेत नाहीत. मशीन खोलीच्या कोपऱ्यात झाकून ठेवली आहे. ती भल्या पहाटे उठते, माझ्या बायकोच्या आधी ओटा पुसून ठेवते, खोलीतून बाहेर पडताना पंखा आठवणीनं बंद करते, कधी कधी मी त्याखाली बसलेलो असतानाही. मी म्हणतो, अक्का, राहू दे की चालू. ती म्हणते, “बिल येतं बाबा.” तिनं मला एकदाही दोष दिला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्याशी कायम तावातावानं बोलणारी बाई आता माझ्या घरात मला विचारून चहा करते.

साहेबांची बदली झाल्याचं कळलं. मॅनेजर दुसऱ्या जिल्ह्यात असेच मेळावे घेतो आहे. तिथंही जुनी घरं आहेत, तिथंही जिने बाहेरून आहेत.

मला नुकसानभरपाईचा अर्ज नको, आणखी एक पंचनामाही नको. मला माणूस पाहिजे. आत न जाता ‘चालेल’ म्हणणारा, नाहीतर त्याचं ‘चालेल’ न तपासता मान्य करणारा, दोघांतला कुणीही एक. त्यानं माझ्या घरी यावं, माझ्या बहिणीसमोर बसावं आणि तिला सांगावं, की बाई, तुझं घर आम्ही पाडलं, आणि आता तू अमुक ठिकाणी राहायचं. ते ठिकाण कुठलं, हे त्यानंच सांगायचं. मी विचारून थकलो आहे, पण विचारायचं थांबणार नाही. कोण येतो ते सांगा.