जित्यांची गाडी

गाडीअप्पा मयत नेत नसत. समाजाच्या दवाखान्याची ती एकुलती एक ॲम्ब्युलन्स, अप्पा तिचे एकुलते एक ड्रायव्हर, आणि "मेलेलं माणूस माज्या गाडीत चढणार न्हाय" हा त्यांचा एकुलता एक हट्ट. बाकी सगळ्या बाबतीत माणूस लोण्यासारखा. या बाबतीत मात्र ब्रह्मदेव आला असता तरी त्याला त्यांनी टांग्याचा अड्डा दाखवला असता.

मी तेव्हा त्या दवाखान्यात नर्स होते, माळशिरसकडून नुकतीच सोलापुरात आलेली. दवाखाना लिंगायत व्यापाऱ्यांनी चालवलेला, पण गाडी कुणालाही मिळायची. गिरणीतला कामगार असो, मागावरचा विणकर असो की नव्या पेठेतला सराफ असो, अप्पा कुणाला जात विचारत नसत. मागे पेशंटजवळ मी आणि पुढे अप्पा. बुटका माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि रस्ता दिसावा म्हणून बुडाखाली घडी घातलेली सोलापुरी चादर. गाडीला भोंगा होता, पण तो वाजवायचा त्यांना भारी कंटाळा. "गावात गिरण्यांचे भोंगे काय कमी हायत का, शिस्टर? हा वाजला की लोक डबा घिऊन कामाला निघत्याल," म्हणायचे आणि खिडकीतून हात बाहेर काढून, नावानिशी हाका मारत गर्दी बाजूला करायचे. अर्ध्या गावाची नावं त्यांना पाठ. उरलेल्या अर्ध्यांना ते "मामा" म्हणत.

गाडी चालवताना त्यांची बडबड अखंड चालू. पेशंट शुद्धीवर असो वा नसो, अप्पा त्याच्याशी बोलणार. भाषा माणूस बघून. मराठी, दखनी, मोडकीतोडकी तेलुगू, आणि फारच घाबरलेलं कुणी असलं की घरची कन्नड. "हेदरबेड, तंगी," म्हणजे घाबरू नको गं बहिणी. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, ती बेशुद्ध आहे, तिला काय ऐकू येतंय?" तर म्हणाले, "तुमाला तर येतंय की. तुमचे बी हात कापायला लागलेत." कापत होतेच.

त्यांच्या हट्टावरून पहिल्या वर्षी मी त्यांच्याशी चांगलीच भांडले होते. ज्या गाडीतून माणूस दवाखान्यात नेला, त्याच गाडीतून तो गेल्यावर घरी आणायला काय हरकत, असा माझा सरळ हिशेब. अप्पांनी वाद घातला नाही. त्यांचा हिशेब मला दसऱ्याला समजला.

त्या दिवशी गावातल्या सगळ्या गाड्यांना हार घालतात. अप्पांनीही आमच्या गाडीला झेंडूचे दोन जाडजूड हार घातले, कुंकू लावलं, नारळ फोडला. तेवढ्यात विणकरांच्या वस्तीतून निरोप आला, बाळंतीण अडली आहे. तशीच गाडी काढली. आम्ही गल्लीत शिरलो आणि हारांनी मढलेली पांढरी गाडी बघून तिच्या सासूने हंबरडाच फोडला. तिला वाटलं, मढं न्यायचीच गाडी आली. दारात आडवी पडली आणि सुनेला काही हलवू देईना. बाया जमल्या, त्याही रडायला लागल्या. आत ती पोर कळांनी तळमळत होती. मी डॉक्टरकी सांगायला लागले तर कुणी ऐकेना. अप्पांनी हार उतरवले, मागचं दार सताड उघडलं आणि स्वतःच स्ट्रेचरवर आडवे झाले. डोळे मिटले. मग उठून बसले, म्हातारीला तेलुगूत म्हणाले, "बघ आई, झोपलो आणि उठलो. ही जित्यांची गाडी आहे. हिच्यात मेलेलं कुणी बसलेलंच नाही, माझ्या लिंगाची शपथ." म्हातारीने त्यांच्या गळ्यातल्या लिंगाकडे पाहिलं आणि दार सोडलं. आई आणि मूल दोघंही वाचली.

परतताना अप्पा एवढंच म्हणाले, "आज शपथ खोटी असती तर? एक मढं न्हेलं की धा बाळंतणी घरातच मरत्याल, शिस्टर."

पण हट्टाची किंमत दुसऱ्यांनाही मोजावी लागत होती. लिंगायतांत मयताला बसवून नेतात, पद्मासन घालून, विभूती लावून, आणि बसलेलंच पुरतात. माणूस दवाखान्यात वारला तर अंग ताठ व्हायच्या आत घरी आणून त्याला बसवायला हवं. आमच्या दवाखान्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष, त्यांचे वडील अण्णा मोठ्या सरकारी दवाखान्यात वारले. अध्यक्ष नव्या पेठेतले कापडवाले, गाडी त्यांच्याच खटपटीने आलेली. ते स्वतः अप्पांसमोर उभे राहिले. अप्पा हात जोडून म्हणाले, "मालक, नोकरी घ्या. पर हे सांगू नका." टांगा मिळेपर्यंत वेळ गेला. म्हाताऱ्याला बसवताना घरच्यांचे काय हाल झाले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अध्यक्षांनी अप्पांना कामावरून काढलं नाही, पण त्या दिवसापासून ते त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. अप्पा रोज नमस्कार करायचे आणि अध्यक्ष दुसरीकडे बघायचे.

वर्ष उलटलं असेल नसेल. अप्पांच्या बायकोच्या, गौराक्कांच्या छातीत एका सकाळी कळ आली. अप्पांनीच तिला त्याच मोठ्या दवाखान्यात नेलं, वाटभर बडबडत. दुपारी ती गेली.

बाहेर झाडाखाली आमची गाडी उभी होती. अप्पांचा मुलगा रडत रडत म्हणाला, "आप्पा, आई ताठ होईल. गाडी दारात हाय की." अप्पा गाडीपर्यंत गेले. दाराला हात लावला. मग माघारी आले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुमच्याकडं ठेवा, शिस्टर. आज माजा भरवसा न्हाय."

देवा, मला तेव्हा त्यांचा राग आला होता. असला कसला नेम, असं ओरडावंसं वाटलं. पण किल्ली मी मुठीत घट्ट धरून ठेवली.

त्या वेळी टांगा एकही नव्हता. फाटकाशी एक केळीवाला होता, त्याने केळी खाली उतरवून हातगाडी दिली. त्यावर चादर अंथरून गौराक्कांना ठेवलं आणि बापलेक ढकलायला लागले. ऊन मरणाचं. गाडा जड, चाक वाकडं. चौकात पोचतो तोच समोरून अध्यक्ष येताना दिसले. दुकानात बातमी कळली तसे ते उठून आले होते, मागे दुकानातले हमाल. मला वाटलं, आता हा माणूस उट्टं काढणार.

अध्यक्षांनी कोट काढून हमालाकडे दिला आणि गाड्याला हात घातला. "अप्पा, तू पुढं हो. रस्ता मोकळा कर. आम्ही पळवतो." वर्षभरानंतरचे ते त्यांचे पहिले शब्द. मग ते आणि हमाल अक्षरशः धावत सुटले, आणि पुढे अप्पा लोकांना हाका मारत, "सरका मामा, जरा सरका."

घरी अंत्यविधी करणारे जंगम पुरोहित वाट बघत होते. गौराक्का वेळेवर पोचल्या. मांडी नीट बसली, मान सरळ राहिली, कपाळावर विभूती लागली. बायकांनी नवी साडी नेसवली. अप्पा तिच्यासमोर बसले. मग मागे वळून अध्यक्षांना म्हणाले, "मालक, तुमच्या अण्णांना आसं बसवता आलं न्हाय. माज्यामुळं."

वडिलांच्या वेळी डोळ्यांतून टिपूस न काढलेले अध्यक्ष तिथेच अप्पांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि रडायला लागले.