मामाची ओवाळणी

निरांजनाचा वास आला की सुभाष रोडवरचं आमचं जुनं पेढ्याचं दुकान आठवतं. बीटावरचा हवालदार तिथं रोज फुकट खायचा.

"पोलिसाला मामा का म्हणतात?" मी विचारलं.

अप्पा म्हणाले, "आईचा भाऊ बहिणीच्या घरी विचारून खातो काय?"

आई फणकारली, "माझा भाऊ येताना पिशवी भरून आणतो."

भाऊबीजेला हवालदार आला, तसं तिनं भर बाजारात त्याला ओवाळलं आणि ताट पुढं धरलं. "घाला अण्णा, ओवाळणी."

सगळे बघत होते. त्यानं आमच्याच परातीतला पेढा उचलून ताटात ठेवला.

तेव्हा मी हसले होते. आता वाटतं, मामा हे नावही त्यानं माझ्या सख्ख्या मामाकडून फुकटच उचललं होतं.